आभाराचं खातं आणि मनधरणीचं खातं

गेल्या अंकात देणगीची पावती कशी पाहावी यावर चार शब्द लिहिले होते. त्यावर आलेली निम्मी पत्रं एकाच गोष्टीवर निघाली: संस्था देणगीदारांना खूश ठेवायला जो खर्च करतात, तो योग्य की नाही. म्हणून हा महिना त्याच विषयाला. हे सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी बँकेत नोकरी केली आणि २२ वर्षं फोंड्याजवळच्या एका मुलांच्या वसतिगृहाची खजिनदार होते. सांगते ते बहुतेक त्या वह्यांतूनच सांगते.

प्रश्न: ताई, माझे यजमान गेल्या वर्षी गेले. वाचनाचं त्यांना वेड होतं, म्हणून त्यांच्या नावानं एका शाळेच्या ग्रंथालयाला मी ५,००० रुपये दिले. पंधरा दिवसांनी मखमली डबीतून काचेचं मानचिन्ह आलं, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं. मग गुळगुळीत कागदाचं कॅलेंडर आलं. चवथीला काजूचा डबा आला. आता पणजीच्या एका हॉटेलात देणगीदारांच्या स्नेहभोजनाचं आमंत्रण आलंय. माझ्या पैशांतलं पुस्तकांवर किती गेलं, हे विचारलं तर कोतेपणाचं दिसेल का?
– एक निवृत्त शिक्षिका, म्हापसा

उत्तर: बाई, अजिबात नाही. यजमानांच्या आठवणीसाठी दिलेला पैसा आहे, तो कुठे गेला हे विचारणं तुमचं कामच आहे.

आधी आकडे मांडू. नाव कोरलेलं मानचिन्ह डबीसकट सहाशेच्या खाली येत नाही. कॅलेंडर आणि त्याचं कुरिअर मिळून शंभर. अर्धा किलो काजू पाचशेचे. हॉटेलातलं ताट हजाराचं धरा. माझ्या अंदाजानं २,२०० रुपये फिरून तुमच्याच दारात आलेत किंवा यायला निघालेत. पाच हजारांतले उरले अठ्ठावीसशे.

संस्था कदाचित म्हणेल की काजू एका व्यापाऱ्यानं दिले आणि जेवणाचा खर्च कुणा प्रायोजकानं उचलला. तसं असूही शकतं, आम्हालाही अशा मदती मिळायच्या. तरी पुढचा प्रश्न उरतोच: जो जेवणाला पैसे देतो, त्याच्याकडे पुस्तकांसाठी कधी मागितले होते का? माझा अनुभव असा की समारंभासाठी मागणं सोपं जातं, कारण तिथे फलक लावता येतो. शौचालयाच्या दुरुस्तीसाठी मागताना जीभ अडखळते.

संस्थेकडे गेल्या वर्षाचं लेखापरीक्षित उत्पन्न-खर्च पत्रक मागा. 'देणगीदारांच्या भेटी' अशी ओळ त्यात बहुधा सापडणार नाही. 'सभा-समारंभ', 'छपाई व टपाल', 'प्रसिद्धी' आणि 'किरकोळ' या चार ओळी पाहा. भेटी, शाली, हार, जेवणं या चारांत वाटून टाकलेली असतात. मी स्वतः ती तशी टाकलेली आहेत, ते पुढच्या उत्तरात येईलच. किरकोळ खर्च पुस्तकखरेदीच्या आसपास पोचला असेल, तर तिथेच बोट ठेवून विचारा.

आमच्या गोव्यात हे विचारणं जास्तच गरजेचं आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांवर धर्मादाय आयुक्तांची नजर असते. तो कायदा गोव्याला लागू नाही. आपल्याकडच्या बऱ्याच संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली येतात. प्राप्तिकराची सवलत हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्चावे लागतात, हे खरं. पण एकेक शाल उचलून 'ही कुठल्या उद्दिष्टात बसते' असं कुणी विचारत नाही. ते विचारायला उरतो तो देणगीदारच.

मानचिन्ह परत करू नका. कोरलेलं नाव खोडून संस्था त्याचं काय करणार? जेवणाला मात्र जाऊ नका, आणि चार ओळी लिहा: 'आपल्या भेटी पोचल्या, देव बरें करूं. यापुढे मला काही पाठवू नये. माझ्या ५,००० रुपयांत कुठली पुस्तकं घेतली त्यांची यादी पाठवावी. त्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर माझ्या यजमानांच्या नावाची चिठ्ठी चिकटवता आली तर फार बरं वाटेल.' त्या चिठ्ठीला रुपयासुद्धा लागत नाही, आणि पुस्तक उघडणारा प्रत्येक मुलगा ते नाव वाचतो. काचेवरचं नाव तुमच्या कपाटातच राहणार.

प्रश्न: आमची काणकोणात दिव्यांग मुलींसाठी शिवणकामाची आणि शिक्षणाची लहान संस्था आहे. वर्षाला सहाएक लाख जमतात, देणगीदार सत्तरच्या आसपास. कमिटीवर नवीन मंडळी आली आहेत. त्यांना मडगावात मोठा देणगीदार मेळावा घ्यायचा आहे, खर्च एक लाख. मुलींचं स्वागतगीत, सत्कार, जेवण. 'पैसा टाकल्याशिवाय पैसा येत नाही' म्हणतात. मला पटत नाही, पण मुद्देसूद बोलता येत नाही. अशा खर्चाचा योग्य टक्का किती?
– एका संस्थेचे सचिव, काणकोण

उत्तर: भाई, टक्का मी सांगणार नाही. आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे कमिटीपुढे मांडायला तुमच्या हाती काहीतरी येईल.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. आमच्या वसतिगृहाच्या देणग्यांतला मोठा भाग ट्रकवाले, बार्जवाले, मशिनरीवाले यांच्याकडून यायचा. दिवाळीपर्यंत तो आटला. कमिटीत घबराट झाली, आणि तुमच्या नवीन मंडळींचं वाक्य आमच्याकडेही कुणीतरी उच्चारलं. ठरलं की मोठ्या देणगीदारांचा कृतज्ञता सोहळा करायचा. वर्षात १०,००० किंवा जास्त दिलेल्यांची यादी निघाली, ८४ जणांची. फेब्रुवारी २०१३ मधला पहिला रविवार धरला.

खर्चाची पानं मी अजून जपून ठेवली आहेत. हॉल १५,०००. दीडशे माणसांचं जेवण, २२० रुपये ताट, ३३,०००. मंडप आणि ध्वनिक्षेपक ९,५००. शाल-श्रीफळ ८४ जणांना, ३१० रुपयांप्रमाणे २६,०४०. मानचिन्हं ४५० रुपयांप्रमाणे ३७,८००. निमंत्रणपत्रिका आणि टपाल ६,२००. फुलं २,४००. एकूण १,२९,९४०. त्या वेळी आमच्या ३४ मुलांना रोज सात लिटर दूध लागायचं, महिन्याचं बिल साडेसहा हजार. म्हणजे सगळ्या मुलांचं वीस महिन्यांचं दूध आम्ही एका दुपारी खर्चलं. हा भागाकार मी कार्यक्रमानंतर केला. आधी करायला हवा होता, खजिनदार मीच होते.

वसतिगृहापासून पाच मिनिटांवर हॉल होता. सकाळी दहाच्या सुमाराला मी दाराशी स्वागताच्या टेबलावर बसले होते, समोर हळदीकुंकू, गुलाबपाणी, नावांची यादी. तेवढ्यात बाजारात फुलं विकणारी एक बाई आली. अबोलीच्या, जायांच्या वळेसऱ्या करून विकायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गिऱ्हाईक ओसरलं की ती वसतिगृहात येऊन १०० रुपये द्यायची. त्या दिवशी ऑफिसला कुलूप दिसलं, म्हणून विचारत विचारत हॉलवर आली. कमरेच्या पिशवीतून नोटा काढल्या, दहा-दहाच्या, पाण्यानं ओलसर झालेल्या. मंडपाकडे बघून म्हणाली, "आज कितें आसा गो बाय?"

मला सांगता आलं नाही. देणगीदारांचा सत्कार आहे, असं तिला कसं सांगणार? मी 'कार्यक्रम आहे' एवढंच म्हटलं आणि मानचिन्हांच्या डब्या बाजूला सारून, तिथेच पावती फाडली. पावती घेऊन ती गेली, पाटीजवळ कुणाला तरी बसवून आली होती. रात्री मी जुनी पावतीपुस्तकं काढली. नऊ वर्षं, महिन्याला शंभर, एकही महिना चुकला नव्हता. १०,८०० रुपये. आमची मर्यादा होती १०,०००, पण एका वर्षातले.

त्या रात्री मला जे कळलं ते भाई, कमिटीपुढे ठेवा. आम्ही त्या सोहळ्याला कृतज्ञता म्हणत होतो, पण आम्ही कुणाचे आभार मानतच नव्हतो. ज्यांच्याकडून पुढे पैसा यायची आशा होती त्यांची मनधरणी करत होतो. आभार मानायचे असते तर त्या बाईला पहिल्या रांगेत बसवलं असतं. आभार मागच्या पैशाचे असतात आणि मनधरणी पुढच्या पैशासाठी असते. ही दोन खाती आहेत, आणि खजिनदारानं ती दोन वेगळ्या ओळींत लिहायला हवीत. मी तो खर्च 'सभा-समारंभ' आणि 'छपाई व टपाल' यांत विभागून टाकला होता. पुढच्या वर्षापासून उत्पन्न-खर्च पत्रकात दोन नवी नावं घातली: 'आभार' आणि 'देणगी मिळवण्याचा खर्च'. आमचे सीए आधी नको म्हणाले, मग राजी झाले.

मनधरणी करूच नये असं माझं म्हणणं नाही. छपराचे पत्रे बदलायला लाखो रुपये लागले, तेव्हा आम्ही एका उद्योजकाच्या ऑफिसात पाच खेपा घातल्या आणि चहाच्या कपावर तासतास बसलो. ती मनधरणीच होती, तिची मला लाज नाही. पण मनधरणीच्या खात्याला एक प्रश्न विचारता येतो: किती घातले, किती आले? त्या सोहळ्याचंही मी वर्षभरानं मोजलं. ८४ पैकी ६१ जणांनी पुन्हा दिलं, साधारण आधीइतकंच. नवीन तिघे आले, त्यांनी मिळून ४५,००० दिले. १,२९,९४० घालून. नवीन मंडळींना एवढंच विचारा की लाखाचे किती येतील अशी त्यांची अपेक्षा आहे, तो आकडा इतिवृत्तात लिहा, आणि वर्षानं उघडून बघायचं ठरवा. आकडा लिहायला कुणी तयार नसेल तर मेळावा कशासाठी, हा प्रश्न तिथेच सुटेल.

माझी भाची अर्थशास्त्र शिकवते. तिनं मला या विषयावरचे तीन अभ्यास समजावून दिले, ते तुमच्या मुद्द्यांना उपयोगी आहेत. पहिला स्वित्झर्लंडमधला. २००१ साली झुरिक परिसरात सुमारे १०,००० लोकांना ढाक्यातल्या रस्त्यावरच्या मुलांसाठी मदत मागणारी पत्रं गेली. काहींत फक्त पत्र होतं, काहींत मुलांनी काढलेल्या चित्राचं एक कार्ड, काहींत चार कार्डं. नुसत्या पत्रापेक्षा एक कार्ड असलेल्यांकडून देणग्यांची संख्या १७ टक्क्यांनी जास्त आली, चार कार्डांवर ७५ टक्क्यांनी. म्हणजे भेट चालते, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण भेट होती कागदाची कार्डं, आणि ती मागण्याआधी दिलेली. ती मनधरणी होती आणि तिचा हिशोब जमला.

दुसरा अमेरिकेतला, २०१२ चा. देणगी दिलीत तर अमुक वस्तू भेट देऊ, असं सांगून बघितलं. लोकांची द्यायची तयारी उलट कमी झाली. आपण देतोय ते चांगुलपणानं की पेनासाठी, असा घोळ मनात होतो.

तिसऱ्यानं मी फार दिवस विचारात पडले. तोही अमेरिकेतला, सहा वर्षं चाललेला, पाच लाखांहून अधिक देणगीदारांवरचा. काहींना देणगीनंतर आभाराचा फोन केला, काहींना केला नाही. या क्षेत्रातल्या जाणत्यांना आधी विचारलं होतं, तेव्हा फोनमुळे पुढच्या देणग्या चांगल्याच वाढतील असं ते म्हणाले होते. प्रत्यक्षात काहीच फरक पडला नाही. ज्यांना फोन गेला त्यांनीही तेवढंच दिलं, ज्यांना गेला नाही त्यांनीही तेवढंच.

भाची म्हणाली, मग आभाराचा खटाटोप सोडून द्यावा. मला उलट वाटलं. आभारानं पैसा वाढत नाही, म्हणजे आभार हे गुंतवणुकीचं साधन नाही. ते मानायचे कारण ते देणं लागतो. देणं फेडताना परताव्याचा विचार कुणी करत नाही. आणि परतावा येणार नसेल तर त्यावर लाख रुपये घालायला कुठलंच कारण उरत नाही. आपल्याकडे कोंकणीत आभार कसे मानतात बघा: देव बरें करूं. समोरच्याला काही देऊ करत नाही, त्याचं भलं व्हावं असं त्याच्या तोंडावर म्हणतो. हिंदूही म्हणतात, ख्रिस्तीही म्हणतात. त्याला लागतो तो वेळ.

तो वेळ आम्ही २०१४ पासून दिला. पोस्टकार्ड ५० पैशांचं. २१२ देणगीदार, १०६ रुपयांची कार्डं. कमिटीच्या सहा जणांनी तीन आठवडे संध्याकाळी बसून हातानं लिहिली. नियम एकच होता: प्रत्येक कार्डावर एक तरी गोष्ट अशी हवी की जी दुसऱ्या कार्डावर नाही. 'तुम्ही ऑगस्टात दिलेत त्या आठवड्यात सात मुलं तापानं आजारी होती, औषधं त्यातून आली.' फुलवालीला वाचता येत नव्हतं, तिचं कार्ड मी स्वतः नेऊन वाचून दाखवलं. तिनं ते पाटीच्या तळाशी फडक्याखाली ठेवलं, आणि गिऱ्हाईक आलं तशी फुलं ओवायला लागली. त्या वर्षी देणग्या वाढल्या नाहीत, कमीही झाल्या नाहीत.

तुम्हाला आणखी एक सोय आहे. करसवलत असलेल्या संस्थांना २०२१-२२ पासून दरवर्षी ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण प्राप्तिकर खात्याकडे भरून देणगीदारांना प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणजे सत्तर पाकिटं तुम्ही पाठवणारच आहात. त्यातच एक पान घाला: काय आलं, काय गेलं, काय जमलं नाही. शेवटचं विसरू नका. शिवणयंत्र बिघडून चार महिने पडून होतं, असं लिहिलंत तर एखादा देणगीदार दुरुस्तीवाल्यालाच पाठवून देईल. आमच्याकडे पंपाच्या बाबतीत असं झालंय.

आणि स्वागतगीत. यावर मात्र मी ठाम आहे, नको. आमच्या सोहळ्यात एका आठ वर्षांच्या मुलाला शालींचं तबक धरून व्यासपीठावर उभं केलं होतं. ८४ सत्कार, जवळजवळ दोन तास. मध्येच त्यानं माझ्याकडे बघून ओठांनीच विचारलं, "अजून किती?" मुलींना शिवणकाम शिकवण्यासाठी तुम्ही पैसे घेता. देणाऱ्यांसमोर उभं राहून गाणं हा त्या बदल्यातला त्यांचा हप्ता नाही. ज्याला मुलींना भेटायचंय त्यानं कामाच्या दिवशी यावं, काणकोणला, शिवणयंत्रं चालू असताना, आणि बाकावर बसून घोटभर चहा घ्यावा.

प्रश्न: आमच्या देवस्थानाच्या अग्रशाळेचं, म्हणजे भाविकांना उतरायच्या इमारतीचं, नूतनीकरण चाललंय. ज्यांनी लाखाच्या वर दिले ते म्हणतात की संगमरवरी फलकावर त्यांची नावं मोठ्या अक्षरांत हवीत. काही जणांना आपल्या नावाची लादीच हवी. महाजनांत, म्हणजे देवस्थानाच्या सभासद कुळांत, वाद झालेत.
– एक महाजन, फोंडा महाल

उत्तर: लादीला तर नाहीच म्हणा, कोरलेल्या नावावर लोक पाय देऊन जाणार, हे देणाऱ्याच्याही लक्षात आलेलं नसतं. फलक एकच, अक्षरं एकाच उंचीची, नावं अकारविल्हे, रकमा नाहीत. फलकाचा खर्च एकदाच होतो आणि पुढची पन्नास वर्षं आभार मानत राहतो, म्हणून मला फलक शालींपेक्षा बरा वाटतो. देवस्थानाचं अंदाजपत्रक मामलेदारांकडे जातं, त्यात फलकाची स्वतंत्र ओळ घाला. ज्यांनी अग्रशाळेत चार दिवस राबून भिंती खरवडल्या त्यांची नावंही त्याच यादीत, त्याच अक्षरांत यावीत अशी सूचना महाजनांच्या सभेत मांडून बघा. मोठ्या अक्षरांचा हट्ट मग बहुधा आपोआप मऊ होईल.

प्रश्न: मी वेर्ण्याला कंपनीत आहे, वय २७. पर्वरीच्या मॉलमध्ये एका मुलीनं अडवलं, कुपोषित मुलांचे फोटो दाखवले आणि मी दर महिन्याला ८०० रुपये बँकेतून जायची सही केली. आता तीन महिने झाले. दर आठवड्याला फोन येतो: आधी आभार, मग 'हजार करा'. वैताग आलाय. बंद करू का?
– एक वाचक, वास्को

उत्तर: हा आभाराचा फोन नाही, मनधरणीचा आहे, तेव्हा त्याला नाही म्हणताना मनाला लावून घेऊ नका.

पण बंद करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. मॉलमध्ये उभी असलेली मुलं पुष्कळदा संस्थेची नसतात, एजन्सीची असतात. तुमच्यासारखा एक देणगीदार मिळवण्याचे पैसे संस्था एजन्सीला आधीच मोजते. पहिल्या काही महिन्यांचे, कधीकधी वर्षभराचे हप्ते तो खर्च भरून काढण्यातच जातात. तिसऱ्या महिन्यात थांबलात तर तुमचे २,४०० रुपये मुलांपर्यंत गेलेच नाहीत असं होऊ शकतं. संस्था तुम्हाला पटलेली असेल तर हप्ता चालू ठेवा आणि फोन बंद करा. संस्थेला ईमेल करा: 'माझी देणगी आहे तेवढीच राहील. फोन, संदेश, भेटवस्तू नकोत. पुन्हा फोन आला तर हप्ता थांबवीन.' सोबत विचारा की एजन्सीला माझ्यामागे किती दिले. उत्तर सरळ आलं तर संस्था सरळ आहे. १९०९ वर नको असलेल्या व्यापारी फोनांसाठी नोंद करता येते, तीही करून ठेवा. आणि संस्था पटलीच नसेल, तर बँकेत जाऊन हप्त्याची परवानगी रद्द करा. बँक तुम्हाला नाही म्हणू शकत नाही.

ब्रिटनमध्ये संस्थांच्या अशा पत्रांचा आणि फोनांचा वृद्ध माणसांना इतका जाच झाला की २०१६ साली निधी जमवण्यावर नजर ठेवणारी वेगळी नियामक संस्था नेमावी लागली. दुसऱ्या वर्षी अशी सोय निघाली की अमुक संस्थेनं मला संपर्क करू नये, एवढं एकदा कळवलं की पुरे. आपल्याकडे तसं काही नाही, म्हणून ईमेलची प्रत जपून ठेवा.

प्रश्न: मडगावातल्या आमच्या संस्थेचं विद्यार्थी साहाय्य निधीचं काम आहे. आमची पुष्कळ माणसं लंडनला, स्विंडनला आहेत. अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष यांनी तिकडे जाऊन देणगीदारांना भेटावं, आभार मानावेत, नवी देणगी आणावी असा ठराव आलाय. प्रवासखर्च संस्थेचा. खजिनदार म्हणून मी सही करावी का?
– एक खजिनदार, मडगाव

उत्तर: सही करण्याआधी तिकडच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक रकाना काढा: पासपोर्ट कुठला?

गोव्यात हा प्रश्न सगळ्यांत आधी यावा लागतो. स्विंडनला असलेले आपले कितीतरी लोक पोर्तुगीज पासपोर्टवर गेले आहेत. जो अजून भारतीय नागरिक आहे, त्यानं आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगीत धरत नाहीत. पण ज्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, त्याची देणगी विदेशी ठरते, मग त्याचं घर बाणावलीला असो की कुंकळ्ळीला, आणि हाती ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असो. ती घ्यायला संस्थेकडे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी लागते, आणि पैसा पहिल्यांदा येतो तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. नोंदणी नसताना अध्यक्षांनी तिकडे जाऊन असे चेक गोळा केले तर परत आल्यावर ते तुम्ही भरूच शकत नाही. सभागृहातल्या टाळ्या मिळतील आणि विमानाचं भाडं पदरी पडेल.

नोंदणी असली तरी बघा: विदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर करता येत नाही. २०२० पर्यंत ही मर्यादा ५० टक्के होती, आणि कमिटीतल्या जुन्या मंडळींच्या डोक्यात अजून तोच आकडा असतो. दोघांची तिकिटं, व्हिसा, राहणं यांची बेरीज करून शेजारी ती रक्कम मांडा.

ठरावात आभार आणि नवी देणगी हे एकाच वाक्यात आहेत, ते तोडून दोन ठराव करा. आभारासाठी विमान लागत नाही. ज्या मुलांना साहाय्य मिळालं त्यांतला एखादा आज इंजिनियर किंवा नर्स असेल आणि त्याची इच्छा असेल, तर त्यानं स्वतःच्या घरातून, आपल्या भाषेत, दहा मिनिटं व्हिडिओवर बोलावं. तो आता कुणाचा आश्रित नाही, म्हणून त्याचं बोलणं देणाऱ्याला पटेल. नव्या देणगीसाठी जायचंच ठरलं तर एकानं जावं, आणि अपेक्षित रक्कम आधी इतिवृत्तात लिहून. अध्यक्ष नाहीतरी लेकीकडे जाणार असतील तर तिकीट त्यांचं, संस्थेनं फक्त एखाद्या संध्याकाळच्या सभागृहाचं भाडं द्यावं.

या सगळ्यावर कमिटीची लेखी उत्तरं येईपर्यंत सही राखून ठेवा. आणि भारतीय पासपोर्टवाल्यांचे पैसे येऊ लागले की पावतीच्या स्थळप्रतीला पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि बँकेच्या नोंदीची झेरॉक्स त्याच दिवशी टाचून ठेवा. वर्षअखेरीला ती मागवायला बसलात तर निम्म्या मिळत नाहीत.